टी-बेल्टचा दिवा लागलाच नाही

इनोव्हाच्या मीटरमध्ये ‘टी-बेल्ट’ असं लिहिलेला एक बारका दिवा असतो. ठरलेलं अंतर संपलं की तो पेटतो, म्हणजे टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली. आमच्या गाडीत तो पेटलेला नव्हता आणि माझी पंचाईत नेमकी तिथेच होती. पेटला असता तर प्रश्न सोपा होता. बेल्ट आणायचा, बदलायचा, विषय संपला.

गाडी २०१० सालची, अडीच लिटर डिझेल, एका टुरिस्टवाल्याकडून घेतलेली. मीटरवर एक लाख ऐंशी हजारांच्या पुढचा आकडा. व्यवहार ठरताना मी बेल्टबद्दल विचारलं होतं. “हो ताई, सगळं केलेलं आहे,” असं उत्तर आलं. बिल मागितलं तर म्हणाले, “शोधावं लागेल.” शोध अजून चालू असावा.

त्या दिव्याला बेल्टची अवस्था कळत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो. बेल्ट बदलल्यावर मेकॅनिकने चावी फिरवून मीटरची कळ ठरावीक पद्धतीने दाबली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. बेल्ट न बदलता ती कळ दाबली तरी तितक्याच इमानाने सुरू होते. गाडी विकताना पेटलेला दिवा कोणाला दाखवायचा असतो? तेव्हा आमच्या मीटरमधल्या अंधाराचे दोन अर्थ निघत होते. एक तर बेल्ट नवा होता, नाहीतर कोणीतरी नुसता दिवा विझवला होता.

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर. खाली आम्ही, वर पाहुण्यांच्या खोल्या, मागे हापूसची कलमं. मार्च ते मे गाडीत आंब्याच्या पेट्या, एरवी कणकवली स्टेशनवरून पाहुण्यांची ने-आण. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे बागेतला पंप, ग्रास कटर, इन्व्हर्टर आणि गाडी ही सगळी खाती माझ्याकडे. पंपाचं सील मी स्वतः बदलते, ग्रास कटरचं कार्बोरेटर स्वतः साफ करते. हे मिरवायला सांगत नाही. पाने हातात धरायची सवय होती, म्हणून ‘आपणच का करू नये’ हा प्रश्न डोक्यात आला. ती नसती तर आलाच नसता.

हा बेल्ट काय करतो ते आधी सांगायला हवं, त्याशिवाय माझी धास्ती कळायची नाही. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करू देतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी, हा मेळ चुकता कामा नये. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो. डिझेल इंजिनात हवा साधारण अठरा पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर आला की डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याला धडकतो. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र गाडीच्या वेगामुळे आणखी काही फेरे मारतातच. व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनलाही मार बसतो.

हे फोंडा घाटात घडलं तर? इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि मागे सात पाहुणे. घाटातून कोल्हापूरला पेट्या नेताना मी हा विचार करत असे आणि गाणी बंद करून इंजिनाचा आवाज ऐकत बसत असे. त्याचा उपयोग शून्य. टायमिंग बेल्ट सहसा आवाज करून सांगत नाही.

चौकशी सुरू केली ती नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथे एकमताने निकाल लागला: “इनोव्हाला बेल्ट नसतोच, चेन असते!” सांगणारे खोटं बोलत नव्हते. २०१६ साली आलेल्या नव्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेल इंजिनाला चेन आहे, जुन्या पेट्रोल इनोव्हालाही चेन आहे. २००५ पासून विकल्या गेलेल्या जुन्या अडीच लिटर डिझेलला मात्र बेल्ट आहे. गाडीचं नाव एक असलं तरी इंजिनं वेगळी असतात, आणि टपरीवर गाड्या नावाने ओळखतात. एकाने तर, बोलेरोवाल्याला विचारा, असा सल्ला दिला.

वाटा तीन होत्या. कोल्हापूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायचं. पण ज्या बेल्टचा भरवसा नाही तोच घेऊन घाट चढायचा, हे मला पटेना. दुसरी वाट कणकवली किंवा कुडाळच्या एखाद्या गॅरेजची. तिथे चांगले हात आहेत, पण आधी एका ठिकाणी ब्रेक पॅड ‘ओरिजिनल’ म्हणून बिलात लागले आणि चाक उघडल्यावर भलतेच निघाले, तेव्हापासून मी बिलापेक्षा डब्यावर विश्वास ठेवते. तिसरी वाट घरच्या मांगरात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या हातांनी.

पैशांचा हिशोब मांडला आणि हसू आलं. स्वतः केलं की पैसे वाचतात, असं म्हणतात. आमच्या भागात या कामाची मजुरी वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकीही नव्हती. उलट माझ्याकडे टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना, नव्हता, आणि बरा टॉर्क रेंच घ्यायचा म्हणजे त्या मजुरीच्या दुप्पट. सुटे भाग कोणीही बसवले तरी तेवढ्याच किमतीचे. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी हे करण्यात काहीच राम नव्हता. शहरात, जिथे मजुरीच भागांच्या वर जाते, तिथे हिशोब निराळा निघत असेल. माझं कारण दुसरं होतं: आत काय आहे आणि आत काय गेलं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मग अभ्यास. या इंजिनाचे व्हिडिओ बघायचे तर इंडोनेशियाचे बघावेत. तिकडे हीच गाडी ‘किजांग इनोव्हा’ म्हणून गल्लोगल्ली आहे. भाषा एक अक्षर कळत नाही, पण हात कळतात. भाच्याने वर्कशॉप मॅन्युअलची पानं पाठवली. ती आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघताना एक गोष्ट लक्षात आली, आणि त्या गोष्टीमुळे मी मागे हटले नाही. या इंजिनाचा बेल्ट बऱ्याच गाड्यांपेक्षा सोपा आहे. इंजिन लांबीत बसवलेलं, बेल्ट अगदी पुढे आणि वरच्या बाजूला. खालून क्रँककडून वर येणारी हालचाल दातेरी चाकांनी येते आणि बेल्ट फक्त शेवटचा टप्पा सांभाळतो: खाली त्याला फिरवणारी पुली, वर कॅमची पुली, बाजूला बेल्टला नुसता आधार देत फिरणारा एक आयडलर आणि ताण देणारा हायड्रॉलिक टेन्शनर. क्रँकची पुली काढावी लागत नाही. इंजिन गाडीला धरून ठेवणारं माउंट सोडावं लागत नाही. वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर, त्याचा या बेल्टशी संबंध नाही. बेल्टचं कव्हर दहा नंबरच्या पान्याने सुटणाऱ्या बोल्टांवर. अनेक गाड्यांत क्रँक पुलीचा तो मधला राक्षसी बोल्ट सोडवतानाच घरगुती मेकॅनिकची हवा निघून जाते. इथे त्याला फक्त सॉकेट लावून इंजिन फिरवायचं.

सोपं आहे म्हणजे धोका कमी आहे, असं मात्र नव्हे, आणि या ठिकाणी मी बरेच दिवस अडकले. कष्ट अर्ध्या तासाचे, पण एक दात इकडचा तिकडे झाला तर गाडी धूर टाकत, धापा टाकत चालणार. जास्त दात चुकले तर पहिल्याच स्टार्टरला व्हॉल्व्ह वाकणार. पंपाचं सील चुकलं तर पाणी गळतं, पुन्हा उघडायचं, पुन्हा लावायचं. इथे ‘पुन्हा’ महाग होतं.

मॅन्युअल तिसऱ्यांदा वाचताना मला एक फट सापडली. या सगळ्या कामात न परतणारी पायरी एकच आहे: स्टार्टर मारणं. त्याआधीचं सगळं परत मागे नेता येतं. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा रॅचेट लावून, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. मेळ चुकला असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना टेकतील आणि रॅचेट अडेल. हाताच्या हळू ताकदीने व्हॉल्व्ह वाकत नाही, फक्त अडतो. अडलं की थांबायचं. दोन फेरे झाल्यावर पुल्यांवरच्या खुणा परत जागच्या जागी आल्या तर मेळ बरोबर. म्हणजे चूक झाली तर ती मला फुकटात कळणार होती, फक्त मी घाई करायची नाही आणि अडल्यावर जोर लावायचा नाही. इतकं कळल्यावर प्रश्न धाडसाचा राहिला नाही.

तरी ‘करते’ असं मी ठरवलं नाही. ‘कव्हर उघडून बघते’ एवढंच ठरवलं. बघण्याने काही बिघडत नाही. आंब्याचा सीझन उरकला, शेवटच्या पेट्या गेल्या, पाहुणेही नव्हते आणि मृगाला अजून अवकाश होता. गाडी मांगरात लावली, कारण तिथे कोबा आहे. बाहेर अंगणात लाल मातीत एखादा वायसर पडला तर तो पुढच्या पिढीला सापडेल. मागच्या चाकांना चिरे लावले, बॅटरीची निगेटिव्ह काढली. सासूबाई पडवीतून बघत होत्या. “गाडी उघडून ठेवशीत, नि पाऊस इलो मगे?” म्हटलं, वर पत्रे आहेत. त्यावर त्या म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

समुद्राकाठच्या गाड्यांचं एक दुखणं आतल्या भागातल्या लोकांना माहीत नसतं. खारी हवा. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अनेक पावसाळे बसला की दोन धातू एकमेकांना सोडत नाहीत. व्हिडिओतला माणूस मशीनने फर्रकन बोल्ट काढतो. तसं इथे केलं तर डोकं हातात येतं आणि उरलेला बोल्ट आत. मी आदल्या संध्याकाळी प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. सकाळी गोटी पान्याने आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं, परत थोडं आवळायचं, परत सोडवायचं. खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टने फार भाव खाल्ला. तेल, चहा, परत तेल. शेवटी कुरकुरत सुटला.

कव्हर निघालं आणि आत टॉर्च मारला. बेल्ट समोर होता. पाठीवर भेगा नाहीत, कडा फाटलेल्या नाहीत, दात सगळे जागेवर. नव्या बेल्टवर पांढरी छपाई असते, ती पुसून गेलेली. एखाद्याने म्हटलं असतं, छान आहे, लावा कव्हर. पण टायमिंग बेल्टचं वरून दिसणं फसवं असतं. रबराच्या आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, ती दमलेली वरून दिसत नाही. आणि दाताच्या मुळाशी पडणारी भेग बेल्ट काढून उलट बाजूला नीट वाकवल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. शिवाय रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. त्यामुळे बेल्ट नवाच घालायचा हे तर टॉर्च विझवायच्या आधीच ठरलं.

पण टॉर्चच्या उजेडात आणखी काही दिसलं. कॅमच्या पुलीच्या मागे, हेडच्या अंगाला, ओलसर काळपट चमक. बोट फिरवलं, तेल. थेंब टपकत नव्हता, नुसता घाम. आणि त्या घामावर बेल्टची काळी भुकटी चिकटून बसलेली.

इथे माझ्या ‘स्वतः करावं का’ या प्रश्नाचा चेहरा बदलला. तोवर मी बेल्टबद्दल विचार करत होते. आता कॅमशाफ्टचं ऑइल सील, म्हणजे इंजिनातलं तेल आत अडवणारी रबरी कडी, आलं. ते गळत असताना नवा बेल्ट घालणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं. तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं आणि दात सोडतं. सील बदलायचं तर कॅमची पुली काढायला हवी. पुली काढायची तर तिचा बोल्ट सोडवताना पुली घट्ट धरून ठेवणारं हत्यार हवं, कारण कॅम फिरला की व्हॉल्व्ह हलले. जुनं सील उकरताना स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि शाफ्टवर ओरखडा पडला, तर नवं सील कायमचं गळणार. ही चूक हाताने इंजिन फिरवून कळणारी नव्हती. काही हजार किलोमीटरनंतर, नव्या बेल्टवर तेल आल्यावर कळली असती. बेल्टपाशी मला सापडलेली ती फट सीलपाशी नव्हती.

त्यामुळे निर्णय तिथेच, मांगरात, हात पुसता पुसता झाला: सील माझं काम नाही.

आमच्या पंचक्रोशीत एक वयस्क फिटर आहेत. उमेदीची वर्षं मुंबईत गॅरेजमध्ये काढून परत आलेले. आता मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं बघतात आणि मनात आलं तर गाड्या. त्यांना फोन केला, तर दुपारी मोटरसायकलवरून आले, टॉर्च घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वैनी, बेल्ट काय, अर्ध्या तासाचा काम. पण ह्या त्याल खयसून येता, ता आदी बघूक व्हया.” तेव्हा मला फार बरं वाटलं. मी ज्या माणसाकडे काम देणार होते त्याने बेल्टआधी तेल बघितलं. मेकॅनिक निवडायची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. तेलाचा विषय न काढता थेट बेल्टची किंमत सांगणारा कोणी आला असता, तर मी चहा पाजून पाठवलं असतं.

त्यांनी बोटाने दाखवलं: वरच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला कोरडं होतं, म्हणजे तेल वरून ओघळून आलेलं नाही. सीलच. सामान काय आणायचं ते त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, कॅमचं सील. टेन्शनर जुनाच ठेवावा का, असं मी विचारलं, कारण या सगळ्यात तो अंगावर येणारा खर्च होता. ते म्हणाले, काढल्यावर बघू, पण मागवून ठेवा, नको असेल तर परत करा. मी कोल्हापूरच्या डीलरला गाडीचा चेसिस नंबर कळवला, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात, आणि सामान खासगी बसने मागवलं. डबे स्वतः फोडले, होलोग्राम बघितले, बेल्टवरची छपाई डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहिली. या पायरीत मला कोणावरही विसंबायचं नव्हतं.

ठरलेल्या सकाळी ते आले. कव्हर मी आधीच काढून ठेवलं होतं, बोल्ट कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्यात खोचले होते. ते चित्र बघून हसले, पण पुठ्ठा हलवला नाही. क्रँक फिरवून खुणा जुळवल्या. मॅन्युअलमधल्या खुणा आहेतच, तरी त्यांनी पांढऱ्या रंगाने जुना बेल्ट आणि दोन्ही पुल्या यांवर आपले ठिपके दिले. मग टेन्शनरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडवले. एकच आधी पूर्ण सोडला तर दांडा तिरका बसतो. बेल्ट सैल झाला, निघाला.

जुना बेल्ट मी हातात घेऊन उलटा वाकवला. चार-पाच दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. सासूबाईंनाही दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितल्या आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. मागच्या मालकाने तो बदलला होता की नाही, हे आता कळणार नाही. बदलला असला तरी फार जुनी गोष्ट असावी.

पुलीला धरायचं त्यांचं हत्यार घरचं होतं, एका लोखंडी पट्टीला वेल्डिंगने दोन बोल्ट जोडलेले. पट्टी मी धरून ठेवली, बोल्ट त्यांनी सोडला. सील काढताना मात्र त्यांनी मला मागे सरकायला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर वापरला नाही. सीलच्या अंगात एक बारीक स्क्रू फिरवला आणि पक्कडीने तो ओढून सीलसकट बाहेर काढला, शाफ्टला स्पर्शही न करता. नवं सील ओठाला तेल लावून, पाइपच्या एका तुकड्याने, चहूबाजूंनी सारखं ठोकत बसवलं. दहा मिनिटांचं काम असेल. पण त्या दहा मिनिटांत हातांना काय काय ठाऊक असावं लागतं ते दिसलं, आणि आपण हे त्यांच्यावर सोपवलं ते बरंच केलं असं वाटलं.

टेन्शनर बघितला तर दांड्याच्या सीलपाशी ओल होती, म्हणजे नवाच लागणार. आयडलर कानाशी धरून फिरवला, किंचित घरघर, तोही गेला. पुली परत बसली, बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. रेंच कुडाळच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या ओळखीच्याकडून उसना आणला होता.

मग ते बाजूच्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, “बेल्ट तुम्हीच घाला. मी हयसर बसान आसय.”

मी घातला. बेल्टला तेलाचा हात लागू नये म्हणून हात साबणाने धुऊन आले. बेल्ट पिळायचा नाही, चुणी पडेल असा वाकवायचा नाही, पान्याने रेटून चढवायचा नाही. ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत दात बसवत गेले, ढिलाई सगळी टेन्शनरच्या अंगाला आणली. नवा टेन्शनर दाबलेल्या अवस्थेत, पिन लावूनच येतो. तो बसवून दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले आणि पिन ओढली. दांडा पुढे सरकून बेल्टला टेकला.

आता ते दोन फेरे. रॅचेट लावला, घड्याळाच्या दिशेने. डिझेल इंजिन हाताने फिरवणं हे कोणी लिहून सांगितलं तरी कळत नाही. थोडं फिरतं आणि मग विरोध येतो, इतका की अडलंच असं वाटतं. माझा हात थांबला. ते खोक्यावरून म्हणाले, दाब धरून ठेवा, वाढवू नका. धरून ठेवला, तर आतून बारीक सुस्कारा येत विरोध हळूहळू विरला आणि रॅचेट पुढे सरकला. तो हवेचा दाब होता. हवा अडवते ती अशी, मऊ, वाट देणारी. लोखंडाला लोखंड टेकलं की तिथे भिंत लागते, कितीही थांबा, हलत नाही. मी हे वाचलं होतं, ‘अडलं तर थांबा’. पण अडण्याचे दोन प्रकार असतात आणि ते मनगटाला कळावे लागतात, हे शेजारी बसलेल्या माणसामुळे कळलं. एकटी असते तर पहिल्याच दाबाला बेल्ट काढून परत चढवत बसले असते, किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन, ‘हवाच असेल’ म्हणत रेटलं असतं.

चारही सिलिंडरांचे सुस्कारे ऐकत दोन फेरे झाले. खुणा जागेवर. त्यांनी आणखी दोन करायला लावले. परत जागेवर.

कव्हर लावण्याआधी त्याच्या कडेचं रबर बघितलं. एका बाजूला ते उंदरांनी कुरतडलं होतं. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी आणि चिखल आत जायला तेवढी वाट पुरे. रबर नवं मागवलेलं नव्हतं, तेव्हा त्या जागी सिलिकॉन लावलं आणि रबराची ऑर्डर टाकली. कव्हरच्या बोल्टांना ग्रीसचा हात दिला, पुढच्या वेळी माझे किंवा ज्याचे कोणाचे हात असतील त्यांच्यासाठी. बॅटरी जोडली, चावी फिरवली. गाडी लागली. फिटर कान देऊन उभे राहिले, ॲक्सिलेटर दोन-तीनदा हाताने वाढवून बघितला, टॉर्च मारून सीलची जागा बघितली आणि चहा मागितला.

मीटरची मोजणी शून्यावर आणली. तारीख आणि किलोमीटर पांढऱ्या मार्करने कव्हरवरच लिहिले, कारण कव्हर खोटं बोलत नाही. मजुरी त्यांनी पूर्ण घेतली नाही, “अर्धा काम तुम्हीच केलात” म्हणाले. मी उरलेली रक्कम आमरसाच्या बाटल्यांखाली ठेवून दिली. पावसाळाभर दर महिन्याला वरच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं. कोरडं.

गणपतीला भाचा पुण्याहून त्याची डिझेल डस्टर घेऊन आला. माझा पराक्रम सासूबाईंनी एव्हाना गावभर केला होता, त्यामुळे आल्या आल्याच म्हणाला, “मामी, माझाही बेल्ट आलाय, उद्या करून टाकूया?” मी त्याला बॉनेट उघडायला लावलं. इंजिन आडवं, बेल्ट बाजूच्या फटीत, हात जाईल न जाईल इतकी जागा. त्या डिझेलमध्ये एकच बेल्ट कॅम, हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप तिन्ही चालवतो. क्रँक आणि कॅम जागेवर रोखायला वेगळ्या पिना लागतात. आणि त्या बाजूचं माउंट काढायचं म्हणजे इंजिन खालून जॅकवर पेलून ठेवायचं. घरात पाहुणे, दारात आरतीची गर्दी. नाही म्हटलं. “मामी घाबरली,” असं तो रात्री जेवताना सगळ्यांना सांगत होता. सांगू दे. मी त्याला एवढंच विचारलं की मागच्या वेळी बेल्टबरोबर वॉटर पंप बदलला होता का. त्याला ते माहीत नव्हतं. पुण्याला परत गेल्यावर त्याने वर्कशॉपमध्ये दोन्ही एकदम करून घेतले.